वाक्य दाखवा, मग उलट विचारा

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बसथांब्यावर मी उभी असले की अजूनही कोणी तरी कोणाला कोपराने ढोसतं आणि हळूच म्हणतं, "ते पाह्य, उलट मॅडम." हळूच म्हणतात, पण मला ऐकू येतं. मॅडम निवृत्त झाल्या म्हणजे त्यांचे कानही निवृत्त झाले, असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटत असावं. या नावाचा मला कधी राग आला नाही. जन्मभर मी मराठी शिकवलं, त्यात कविता आल्या, निबंध आले, व्याकरण आलं. लोकांच्या लक्षात मात्र राहिले ते विरुद्धार्थी शब्द आणि त्यांच्यापायी मी केलेली भांडणं.

या अंकाच्या संपादकांनी मला सेवेतले समाधानाचे क्षण लिहून पाठवायला सांगितलं होतं. समाधानाचे क्षण इतर शिक्षकांकडे पुष्कळ आहेत, ते त्यांनी खुशाल छापावेत. मी भांडणं लिहून पाठवते आहे.

ज्यांचा शाळेशी संबंध तुटून जमाना झाला, त्यांच्यासाठी आधी धंदा समजावून सांगते. विरुद्धार्थी शब्द म्हणजे परीक्षेतला फुकटचा मार्क, असा सगळ्यांचा समज असतो. गाईडमध्ये डावीकडे एक शब्द, मध्ये फुली, उजवीकडे दुसरा शब्द. पोरं ते पाढ्यासारखं घोकतात. दिवस आणि रात्र, आत आणि बाहेर, इथपर्यंत काही बिघडत नाही, कारण हे शब्द एकाच घरी कामाला असतात. पण काही शब्द चार घरी काम करतात. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तुम्ही "तुझी मालकीण कोण?" असं विचारलंत, तर ती तुम्हालाच विचारेल, कोणत्या घरची? शब्दाचंही तसंच आहे. तो आत्ता कोणत्या घरी आहे हे वाक्य सांगतं. म्हणून माझ्या वर्गात नियम होता की आधी वाक्य करायचं, मग उलट शब्द शोधायचा, आणि तो त्याच वाक्यात त्याच जागी ठेवून पाहायचा. बसला तर बरोबर. नुसतं 'नाही' लावून पळ काढायचा नाही. जो गरीब नाही तो लगेच श्रीमंत होत नसतो, आणि गरमच्या उलट कोमट म्हणणारा पोरगा अर्ध्या वाटेतच बसमधून उतरलेला असतो.

एकदा 'जाड'चा उलट शब्द विचारला होता. गाईडात 'पातळ' होतं. एका मुलीने 'बारीक' लिहिलं आणि दुसऱ्या शिक्षकांनी फुली मारली. मुलगी हातमागाच्या घरातली. तिच्या घरी सूत जाड असतं नाही तर बारीक असतं, सुताला तिथं कोणी पातळ म्हणत नाही. पातळ म्हणजे नेसायचं, नाही तर वरण. मी त्या शिक्षकांना म्हटलं, फुली खोडा. ते म्हणाले, गाईडमध्ये नाही. मी म्हटलं, गाईड कधी मागावर बसलं आहे का? त्यांनी फुली खोडली, पण पुढं बरेच दिवस ते माझ्याशी फक्त हजेरीपुरतं बोलत.

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मी सुटीच्या दिवशी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवायला जात असे. तिथल्या एका वडिलांनी मला फार छळलं. कारखान्यातले सुपरवायझर, शिस्तीचे, कारखान्याच्या बसला घड्याळ लावून निघणारे. त्यांचं म्हणणं, मुलाचा गोंधळ करू नका, एका शब्दाला एकच उत्तर द्या. आमच्याकडे एका नटाला एकच बोल्ट लागतो, दुसरा लागत नाही. त्या दिवशी प्रश्न होता 'कोरा'. मी पोराला सांगितलं होतं की कोऱ्या कागदाच्या उलट लिहिलेला कागद आणि कोऱ्या साडीच्या उलट वापरलेली साडी. साहेबांना ते पटेना. एवढ्यात घरातून चहा आला, माझा दुधाचा आणि त्यांचा, पोटाच्या तक्रारीमुळे, कोरा. मी विचारलं, साहेब, गाईडप्रमाणे तुमच्या चहाचं उलट काय होईल, लिहिलेला चहा? त्यांची बायको दारात तोंडाला पदर लावून हसली. साहेब हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला दुसऱ्या क्लासला घातलं, आणि माझ्या क्लासमध्ये उरलेल्या पोरांना तो चहा कायमचा पाठ झाला.

लोक विचारतात, मॅडम, एवढ्याशा मार्कासाठी तुम्ही एवढं का भांडता. त्याचं कारण जुनं आहे. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. आजोबांनी देव उतरवले, पण गावाने जीभ बदलली नव्हती. पाणवठ्यावर, रस्त्यावर, दुकानात 'हलक्या जातीचे' हे शब्द आमच्या कानावर पडत. शाळेत गुरुजींनी 'हलका'चा उलट शब्द विचारला. त्यांच्या मनात पिसाचं वजन असावं. माझ्या मनात दुसरंच वाक्य होतं. मला त्याचं उलट 'उच्च' असं म्हणवेना, कारण मला कोणाच्या वर जाऊन बसायचं नव्हतं. मी उभी राहून म्हटलं, "बरोबरीचा." वर्ग हसला. गुरुजींनी पाटीवर शून्य काढलं. बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींशी बोलून आले, तरी शून्य शून्यच राहिलं. तो मार्क मला अजून मिळालेला नाही, आणि मी तो सोडलेलाही नाही.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

भंडाऱ्यात एक संस्था आहे, नाव कशाला लिहू. खेड्यातल्या मुलींसाठी ती वसतिगृह चालवते आणि प्रवेशासाठी दरवर्षी परीक्षा घेते. पास होण्याचा आकडा ठरलेला, तो ओलांडला की जागा नक्की. मराठीचा पेपर मी काढत असे. पेपर झाला की उत्तरांचा तक्ता फाटकावर चिकटवायचा, एक दिवस पालकांच्या हरकती ऐकायच्या, आणि मग विषय शिक्षकाने तक्त्यावर सही करायची, अशी पद्धत. सही झाल्याशिवाय निकाल लागत नसे.

संस्थेचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. स्वच्छ माणूस, कष्टाळू माणूस. त्यांचा एकच हट्ट होता की पेपर एका कागदावर पाठपोट बसला पाहिजे. कागद वाया गेलेला त्यांना अन्न वाया गेल्यासारखं वाटे. त्या वर्षी मी 'बुडणे'चा उलट शब्द विचारला होता आणि वर वाक्य दिलं होतं, 'धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं.' खाली चार पर्याय: तरंगणे, उगवणे, वसणे, पोहणे. माझं उत्तर होतं वसणे.

पेपर कागदावर बसेना. सचिवांनी विरुद्धार्थी प्रश्नांची सगळी वाक्यं काढून टाकली आणि नुसते शब्द आणि पर्याय ठेवले. मग तक्ता तपासताना त्यांना दिसलं की बाईंनी 'बुडणे'समोर 'वसणे' लिहिलं आहे. त्यांना माझी दया आली. बाईंचं वय झालं, नजरचूक झाली असेल, चारचौघांत शोभा नको, म्हणून त्यांनी गुपचूप ते 'तरंगणे' करून टाकलं. मला कळवलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून कळवलंही नाही. आमच्या भागात माणसं अशी असतात. तुमची लाज राखायला तुमचं बरोबर उत्तरही चूक करतील.

हरकतींच्या दिवशी मी सही करायला गेले. खोलीत सचिव होते आणि अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे हातमागाच्या जुन्या घराण्यातले, साड्यांच्या दुकानाचे मालक, सभेत बहुधा डोळे मिटून बसणारे. हरकत एकच आली होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं अशांपैकी एक देवरामभाऊ आपल्या मुलीला घेऊन आले होते. मुलीचं नाव रोशनी. फाटकावरच्या तक्त्याप्रमाणे मोजलं तर तिला पास व्हायला एकच मार्क कमी पडत होता. नव्या गावठाणातली शाळा सातवीपर्यंतच होती, पुढच्या शाळेला दोन बस बदलून जावं लागे, आणि त्या दोन बसच्या पायी तिची मोठी बहीण शाळा सोडून घरी बसली होती. वसतिगृह मिळालं तर रोशनी शिकणार, नाही तर ती बहिणीच्या शेजारी जाऊन बसणार, एवढा सरळ हिशेब होता.

सचिव तिला समजावत होते की बाळ, बुडणेच्या उलट तरंगणे, हे चौथीतल्या मुलालाही येतं. तू वसणे कशावरून लिहिलंस? रोशनी बापाच्या मागे अर्धी लपली होती, पण बोलली स्वच्छ.

"गाव कसं तरंगन, सर? आमचं गाव बुडलं, मंग इकडं वसलं."

"पण प्रश्नात गाव कुठं आहे?"

"प्रश्नात काहीच नव्हतं. नुसतं बुडणे होतं. मले गावच आठवलं."

प्रश्नात काहीच नव्हतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी टेबलावरचा पेपर ओढून घेतला आणि पाहिला. माझं वाक्य नव्हतं. मी फाटकावरचा तक्ता आत मागवला. माझं उत्तरही नव्हतं. सचिवांनी मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं, आणि वर म्हणाले की तुम्हाला त्रास नको म्हणून केलं. मला इतका राग आला होता की मी पाणी मागितलं आणि प्यायलेच नाही.

पण खरी पंचाईत पुढं होती. सचिव सरळ माणूस, ते म्हणाले, चूक माझी, तुमचं मूळ उत्तर परत आणू. 'वसणे' बरोबर, बाकी सगळी चूक. माझाच शब्द, माझंच उत्तर, आणि रोशनी पास. मी नाही म्हटलं. वाक्य असतं तर वसणे हे एकच उत्तर होतं. वाक्य काढल्यावर तो शब्द पुन्हा चार घरचा झाला. ज्या मुलीला पाण्यात पडलेलं लाकूड आठवलं तिने तरंगणे लिहिलं, ती चूक नाही. आपल्याकडे 'दिवस बुडला' असं रोज संध्याकाळी म्हणतात, ज्या मुलीला तो आठवला तिने उगवणे लिहिलं, तीही चूक नाही. पोहणे तेवढं चूक, कारण पोहणारा पुढं जातो आणि त्यालाही बुडता येतं. तिन्ही उत्तरं धरा, म्हटलं.

सचिव म्हणाले, तीन उत्तरं कधी असतात का? मग प्रश्नच रद्द करू. त्यांच्याकडे रद्द म्हणजे कोणालाच मार्क नाही. रोशनी जिथं होती तिथंच राहिली असती. मी म्हटलं, रद्द करणं म्हणजे उत्तरच नव्हतं असं म्हणणं. उत्तरं होती. तुम्ही वाक्य कापलंत, मुलींनी आपापलं वाक्य मनात जोडून उत्तर दिलं. मुली पास झाल्या आहेत, नापास आपण झालो आहोत.

"बाई, तिन्ही धरली तर आणखी मुली पास होतील. वसतिगृहात तेवढ्या खाटा नाहीत."

"खाटा नाहीत म्हणून उत्तर चूक ठरत नाही, सर."

"मग तुम्ही सही करणार नाही?"

"नाही करणार."

मी पेनाचं टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं.

मग सचिवांनी तोडगा काढला. मनाने मऊच माणूस तो. म्हणाले, तक्ता आहे तसा राहू द्या. या मुलीला आपण सचिवांच्या अधिकारात, विशेष बाब म्हणून, घेऊन टाकू. बाप लांबून आला आहे, मुलगी हुशार आहे, विस्थापित कुटुंब आहे. सहानुभूतीने.

खरं सांगते, मी डगमगले. समोर उभी ती पोरगी, तिच्या पायातल्या चपलेला दोरी बांधलेली. माझ्या तत्त्वापायी तिची शाळा जायची असेल तर ते तत्त्व काय चाटायचं? मी पर्स उघडली. पेन हातात घेतलं. तिच्यासाठी मी त्या खोट्या तक्त्यावर सही केली असती आणि ती सही मला पुढं आयुष्यभर टोचली असती.

पेन पाहून देवरामभाऊ पुढं आले आणि सचिवांना हात जोडून म्हणाले,

"साहेब, दया नोका करू. मार्क द्या. गाव गेलं तवा बी लोकं म्हनत, जे भेटून राहिलं ते घ्या न् उपकार माना. घर आमचं, वावर आमचं, न् उपकार बी आमीच मानायचे? पोट्टी इथं राहीन तं पोरी म्हनतीन, हे दयेवर आली. तिचं उत्तर चूक असन तं चूक म्हना, आमी घरी जातो. बराबर असन तं मार्क द्या."

सचिवांनी मुलीकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ती तरी घेईल. रोशनी बापाच्या मागून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"मी नाही येत तसी," ती म्हणाली. एवढंच.

मी पेन पुन्हा पर्समध्ये टाकलं.

तेव्हा अध्यक्षांनी डोळे उघडले. त्यांचं मन पालटलं, त्यांना गहिवरून आलं, असं काही झालं नाही. ते दुकानदार होते आणि गिऱ्हाईक कधी हटून बसलं आहे हे त्यांना कळत होतं. सचिवांना ते कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "बाई सही करत नाहीत, हा मानूस दया घेत नाही. मग निकाल काय गणपतीले लावाचा? तिन्ही धरून टाका. खाटा नाहीत तं खाली गाद्या टाका."

तिन्ही धरली गेली. नवा तक्ता लिहिला गेला आणि मी त्यावर सही केली.

त्या वर्षानंतर संस्थेने मला पेपर काढायला बोलावलं नाही. आता तिथं पेपर छापून आणतात, कुठून ते मला माहीत नाही. त्यात नुसते शब्द असतात, असं कानावर येतं. याचं दुःख आहे, नाही कशाला म्हणू. पेपर काढणं हे माझं आवडीचं काम होतं. एकेक वाक्य मी चार दिवस तोंडात घोळवत असे, पोळी लाटताना, बसमध्ये, बाजारात भाजी निवडताना. पण कोणी पुन्हा मला वाक्याशिवाय शब्द आणून दिला आणि एकच उत्तर सांगा म्हणालं, तर मी पुन्हा सही करणार नाही. ज्यांना 'एकच सांगा' असं हवं असतं, त्यांना बहुधा स्वतःच्या घरातलं उत्तर हवं असतं. दुसऱ्याचं घर पाण्याखाली असलं तरी चालतं.

त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलं. नवा तक्ता फाटकावर लागला. रोशनीने त्यात 'वसणे' शोधलं आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली. बोट काढेचना. मला वाटलं, आता देवरामभाऊ माझे आभार मानतील, आणि कसं नको नको म्हणायचं याची मी मनात तयारीही केली. ते तक्त्याकडे पाहत होते. वाचता फारसं येत नव्हतं त्यांना, पण आधी एक शब्द होता तिथं आता तीन आहेत हे दिसत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "ज्या पोरीयनं ते दुसरं लिहलं, लाकडाचं न् दिवसाचं, त्यायले बी मार्क भेटला न?"

मी म्हटलं, "भेटला."

"मंग बराबर आहे," ते म्हणाले, आणि मुलीचा हात धरून बसकडे चालू लागले.